काकूंचं बाहेरचं जेवण

निवृत्त होताना माणसानं भाषण करू नये. करायचंच झालं तर बायकोला तिथं नेऊ नये. पोस्टमास्तरांनी दोन्ही केलं. हातात गुच्छ, डोळ्यांत पाणी आणि समोर गाव, अशा अवस्थेत माणूस काय वाटेल ते बोलून जातो. मास्तर बोलून गेले, "माझ्या बायकोनं इतकी वर्षं मला रांधून वाढलं. आता तिची जी इच्छा असेल ती मी पुरी करणार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी वाक्यं टाळ्यांसाठीच असतात, ती कुणी ऐकत नाही. काकूंनी मात्र ऐकलं.

घरी जाताना त्या म्हणाल्या, "अहो, ते खरंच का?"

"कोणतं?"

"इच्छेचं."

दागिने, तीर्थयात्रा, स्वयंपाकघराला नवी फरशी, सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढून सरकलं. पेन्शनचा आकडाही सरकला.

"मला एकदा बाहेर जेवायचंय," काकू म्हणाल्या.

"एवढंच?" मास्तर म्हणाले आणि मोकळेपणानं हसले. ते हसू पुढं त्यांना चांगलंच महागात पडलं.

आता खरं तर त्या भागात बाहेर जेवणं म्हणजे हातचा मळ. डोंगर, तळं, धबधबा, सगळं देवानं एकाच ठिकाणी टाकलेलं, त्यामुळे बारा महिने पर्यटकांची रीघ. दर दुसऱ्या दारावर 'घरगुती जेवण' अशी पाटी. तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलाची गोष्ट सोडा. तिथं पदार्थांचे दर वाचूनच पोट भरतं, आणि तळ्याकडे बघायचेही वेगळे पैसे लावतात असं म्हणतात. पण साध्या खानावळी कितीतरी होत्या आणि त्या परवडण्यासारख्या होत्या. तिथं जायचं, बसायचं, जेवायचं, उठायचं. यात अवघड काय?

"नुसतं जेवण नव्हे," काकूंनी समजावलं. "मला खिडकीपाशी बसायचंय. समोर तळं दिसायला हवं. मग कुणीतरी येऊन विचारायचं, काय घेणार? आणि मी म्हणायचं, थांबा जरा, बघते."

"थांबा कशाला? सांगून टाकावं. त्या माणसाचा खोळंबा होतो."

"थांबा म्हणायचंच आहे मला. आजवर सगळ्यांनी मला नुसतं आटप आटप म्हटलंय."

'सगळ्यांनी' या शब्दात पहिला नंबर कुणाचा, हे न कळण्याइतके मास्तर भोळे नव्हते.

पहिल्या रविवारी दोघं नावाड्याच्या बायकोच्या खानावळीत गेली. मास्तरांच्या सदऱ्याला कडक इस्त्री, काकूंनी ठेवणीतलं नेसलेलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. काकू बसल्या. पदर सारखा केला, तळ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर आता कुणीतरी येईल असा भाव आणला. आली ती नावाडीणच, पण धावत.

"अगंबाई! काकू, तुम्ही? आणि इथं टेबलावर? परक्यासारख्या? लोक काय म्हणतील मला? चला आत."

इथं त्या भागाची एक रीत सांगायला हवी. टेबल असतं ते पर्यटकांसाठी. ओळखीच्या माणसाला आत नेतात, चुलीशेजारी पाट किंवा स्टूल देतात, तव्यावरचं थेट ताटात पडतं आणि त्याचे पैसे घेत नाहीत. ओळखीचा माणूस टेबलावर बसून राहिला तर मालकाचा अपमान होतो, दोन पिढ्या बोलणं बंद होतं. आणि काकूंची ओळख कुठं नव्हती? गावातल्या प्रत्येक कार्याचा स्वयंपाक त्यांच्या नजरेखालून गेलेला. रश्शाचं मीठ काकूंनी जिभेवर ठेवून "हं" म्हटल्याशिवाय पातेलं खाली उतरत नसे. आता ज्या बायका खानावळी चालवत होत्या त्यांतल्या निम्म्याजणी काकूंच्या हाताखाली कांदा चिरायला शिकल्या होत्या.

"आलातच आहात तर जरा मीठ बघा ना," नावाडीण म्हणाली. काकू आत गेल्या. मीठ बघितलं. मग तिखट बघितलं. मग त्या म्हणाल्या, "हे असं कसं चिरलंस गं?" आणि विषय संपला.

मास्तर आतल्या स्टुलावर बसून पोटभर जेवले. जेवण फक्कड होतं. असणारच, ते रोज घरी जेवायचे तेच होतं. काकू कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आल्या तेव्हा पर्यटकांची पंगत उठत होती. एका पर्यटकानं त्यांना हात करून पाणी मागितलं. काकूंनी दिलं.

परत येताना काकू काही बोलल्या नाहीत. बायको काही बोलत नाही तेव्हा ती किती बोलत असते, हे संसार केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या वेळी मास्तरांनी पूर्वतयारी केली. त्यांच्या हाताखालच्या जुन्या पोस्टमननं धबधब्याच्या वाटेवर खानावळ काढली होती. त्याला आधी निरोप धाडला, "आम्ही गिऱ्हाईक म्हणून येतोय. ओळख दाखवायची नाही." पोस्टमन हुकमाचा ताबेदार. त्यानं ओळख दाखवली नाही, पण साहेब येणार या धास्तीनं तो सकाळपासून घामाघूम झाला होता. मास्तर आत येताच तो टेबलाशेजारी ताठ उभा राहिला आणि छताकडे बघत राहिला.

"विचार," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"काय विचारू, साहेब?"

"काय घेणार, ते."

"तुम्ही सांगाल ते, साहेब."

"मला नाही, त्यांना विचार!"

पोस्टमन काकूंकडे वळला. त्यानं तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी काकूंचं नाक वर झालं. "लागतेय," त्या म्हणाल्या. "अरे, भाजी लागतेय तुझी!" पुढं काय झालं ते सांगत नाही. काकू परत टेबलावर आल्या तेव्हा सगळे जेवून हात धूत होते.

गावात अशा गोष्टी लपत नाहीत. शेजारचा कंपाउंडर सल्ला घेऊन हजर झाला. दवाखाना बंद पडून जमाना लोटला होता, डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते, पण कंपाउंडरची प्रॅक्टिस जोरात चालू होती. त्यानं मास्तरांची सगळी हकिगत डोळे मिटून ऐकली.

"निदान चुकतंय तुमचं, मास्तर. तुम्ही खानावळी बदलताय. अहो, रोग खानावळीत नाही, तुमच्यात आहे. तुम्ही ओळखीचे आहात."

"मग उपाय?"

"अनोळखी व्हा. ती पर्यटनाची बस आहे ना, सगळा परिसर दाखवते ती? तिच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं. दर माफक. खिंडीपलीकडे, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला थांबते. तिथला खानावळवाला बाहेरून आलेला, वाढपी बाहेरचे. तिथं तुम्हाला कुत्रं विचारणार नाही."

आपल्याला कुत्रं विचारणार नाही या कल्पनेनं मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच हायसं वाटलं. ते थेट पर्यटन कार्यालयाच्या खिडकीशी गेले.

"दोन तिकिटं द्या. खिडकीजवळची."

"कुठं उतरलात?" आतल्या कारकुनानं विचारलं.

"उतरलो नाही. राहतो. पोस्टाच्या मागं."

"मग बस तुमच्यासाठी नाही. ती पर्यटकांसाठी आहे."

"मी उद्या पर्यटकच असणार आहे."

"राहता इथं, जन्म इथं, आणि पर्यटक कसे?"

"का? इथं राहणाऱ्यानं इथलं काही बघू नये, असा कायदा आहे का?"

"बघा की. कोण नको म्हणतंय? फुकट बघा. बसमधून बघायचं तर नोंदणीकृत लॉजमध्ये एक रात्र मुक्काम केल्याची पावती लागते. नियमात बसलं पाहिजे."

मास्तरांना राग आवरेना, आणि तो जास्त यासाठी की हे शेवटचं वाक्य त्यांचंच होतं. अख्खी नोकरी त्यांनी खिडकीच्या त्या बाजूला बसून हे वाक्य लोकांना ऐकवलं होतं. या बाजूनं ते इतकं कडू लागत असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

झक मारत लॉज गाठावा लागला. गावात नोंदणीकृत आणि परवडणारा लॉज एकच, तो मास्तरांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. मास्तर बॅग घेऊन, काकू पिशवी घेऊन, अशी दोघं रस्ता ओलांडून गेली. लॉजवाला चष्मा काढून बघत राहिला.

"घरी पाहुणे आलेत का?"

"नाही."

"छप्पर गळतंय?"

"नाही."

लॉजवाल्यानं आवाज खाली आणला. "भांडण?"

"भांडण असतं तर एका खोलीत कशाला आलो असतो?"

"म्हणजे मिटलं. बरं झालं," लॉजवाला म्हणाला आणि त्यानं खोलीची किल्ली अतिशय सहानुभूतीनं दिली.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. कुणी म्हणालं, मास्तरांनी घर विकलं. कुणी म्हणालं, काकूंनी त्यांना घराबाहेर काढलं आणि मग दया येऊन स्वतःही बाहेर पडल्या. काकूंच्या नणंदेनं फोन करून "वहिनी, माझ्या भावाचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या" म्हणून रडून घेतलं. कळस म्हणजे समेट घडवायला कंपाउंडर आला. "अहो, तुम्हीच तर सांगितलंत हे!" मास्तर ओरडले. "सांगितलं होतं," कंपाउंडर म्हणाला, "पण गावाला ते माहीत नाही. मी आलो नाही तर बरं दिसणार नाही." त्यानं चहा मागवून घेतला आणि समेट करून गेला.

सकाळी मास्तरांना जाग आली तेव्हा काकू लॉजच्या गॅलरीत उभ्या होत्या. केस मोकळे, हातात चहाचा कप. समोर त्यांचं स्वतःचं घर.

"किती लहान दिसतं हो इथून," काकू म्हणाल्या. "त्यात कोण राहत असेल, असं वाटतं."

"आपणच राहतो."

"ते माहितीये मला. ती बघा माझी स्वयंपाकघराची खिडकी. तिथून रोज सकाळी मला ही गॅलरी दिसायची. बाहेरगावच्या बायका इथं येऊन उभ्या राहायच्या, अशाच, कप घेऊन. घाई नाही, काही नाही. मी कणीक मळता मळता बघायचे. तो कप तिला कुणी आणून दिला असेल, एवढाच विचार मनात यायचा. दुसरं काही नाही."

चहा मात्र काकूंनीच खाली जाऊन आणला होता, दोघांचा. मास्तरांचा कप झाकून ठेवलेला होता.

बसमध्ये मास्तरांनी टोपी आणि काळा चष्मा घातला. कंपाउंडरचा कॅमेरा गळ्यात अडकवला, तो बिघडलेला होता. काकूंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. बसमधल्या परक्या लोकांत ती दोघं इतकी पर्यटक दिसत होती की गाइडनं त्यांनाच पहिल्यांदा विचारलं, "काय आजोबा, आवडला का आमचा गाव?" हा गाइड बाहेरगावाहून येऊन नुकताच कामाला लागलेला.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

बस पोस्टासमोर थांबली. "ही इमारत," गाइड म्हणाला, "पूर्वी तुरुंग होता. गजाआडून कैदी हात बाहेर काढून अन्न मागायचे."

मास्तर उभे राहिले. ते गज मनिऑर्डरच्या खिडकीचे होते आणि त्यांच्या आड त्यांनी हयात घालवली होती. काकूंनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. "जाऊ द्या. फार खोटं नाही बोलला तो," त्या पुटपुटल्या.

बस वळली आणि मास्तरांच्या घरापुढं हळू झाली. "हे एका साध्या गावकऱ्याचं घर. हे लोक अजून जुन्या काळातच जगतात. फोटो काढू शकता." कपडे वाळत घालायच्या दोरीवर मास्तरांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या वाऱ्यावर फडफडत होत्या. बस एका बाजूला झुकली. सगळ्यांनी फोटो काढले. पुढच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "किती अस्सल आहे, नाही?" आणि मास्तरांना म्हणाल्या, "आजोबा, जरा वाकता का? तुमची टोपी मध्ये येतेय." मास्तर वाकले. स्वतःच्या चड्डीचा फोटो नीट यावा म्हणून स्वतःच वाकण्याची पाळी शत्रूवरही येऊ नये.

पण खिंड ओलांडली आणि तळ्याचं दुसरं टोक दिसलं. इकडून ते तळं वेगळंच वाटत होतं. पाणी निळं, काठाला वेत, आणि काठावर एक बुटकी, कौलारू खानावळ. काकू सगळं विसरून बघत राहिल्या. इतक्या जवळ असून त्या इथं कधी आल्या नव्हत्या.

आत कुणी त्यांना ओळखलं नाही. कुणी धावत आलं नाही. बाकीचे लोक मोठ्या टेबलांवर बसले, त्यांच्यापुढं ठरलेली ताटं आली. खिडकीशी दोघांपुरतं एक टेबल होतं. मास्तरांनी खुर्ची मागं ओढून धरली, सिनेमात बघितलं होतं तसं. काकू बसल्या. समोर तळं. वाढपी आला. खांद्यावर फडकं, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. "ठरलेलं ताट आणू, का वेगळं काही? त्याच दरात मिळेल," तो म्हणाला आणि काकूंकडे वळला.

"काय घेणार?"

काकू हसल्या. सावकाश, अगदी चवीनं म्हणाल्या, "थांबा जरा. बघते."

वाढपी थांबला. काकूंनी भिंतीवरची पदार्थांची पाटी वाचली. वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मास्तर कौतुकानं बघत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आहे.

"काय झालं?"

काकू त्यांच्याकडे झुकल्या. आवाज इतका हळू की मास्तरांना कान पुढं करावा लागला.

"अहो, मला काय आवडतं?"

"म्हणजे?"

"सुचतच नाहीये. थोरल्याला भोपळा चालत नाही, धाकटीला खरपूस लागतं, तुम्हाला पातळ लागतं. सासूबाईंना मऊ लागायचं. हे सगळं पाठ आहे. आणि मला?"

"तुला?" मास्तर म्हणाले. "तुला सगळंच आवडतं."

"सगळं चालतं मला. आवडतं काय, ते विचारतेय."

मास्तरांनी डोकं खाजवलं. या खोऱ्यात कोणतं पत्र कोणत्या दारी जातं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. अर्धवट पत्त्याचं, बिनपत्त्याचं पाकीटही त्यांच्या हातून कधी परत गेलं नव्हतं. पण या एका प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि काकूंचं इतकं वाईट वाटलं की चष्मा डोळ्यांवर आहे हे बरं वाटलं.

"ठरलेलंच ताट आण बाबा," काकू वाढप्याला म्हणाल्या. "जे असेल ते. चालेल."

"चालणार नाही," मास्तर म्हणाले. वाढपी दचकला. "त्या बघताहेत अजून. तू तुझी कामं कर, परत ये."

वाढपी गेला. काकू पुन्हा पाटीकडे बघू लागल्या. लोकांची जेवणं उरकली. लोक काठावर जाऊन फोटो काढून आले. बसचा हॉर्न वाजला. गाइड दारात आला. "आजोबा, चला, आटपा!"

"तुम्ही व्हा पुढं," मास्तर म्हणाले.

"अहो, परत कसे जाल? दुसरी बस नाही."

"जाऊ कसंही. या भागातले नाही का आम्ही?" गाइडला त्यातलं काही कळलं नाही. मेलगाडीला ज्यांनी कधी क्षणभर खोळंबा होऊ दिला नाही ते मास्तर हाताची घडी घालून बसून राहिले, आणि बस त्यांच्याशिवाय खिंडीकडे निघून गेली. खानावळ एकदम शांत झाली.

बऱ्याच वेळानं काकूंनी वाढप्याला हात केला.

"वांगं आहे का हो?"

"आहे की. कसं देऊ?"

"काप करायचे. तेलावर परतायचे. कडा काळपट होईपर्यंत हलवायचे नाहीत. माझी आई करायची. मला ते..." काकू थांबल्या आणि लहान मुलीसारख्या लाजल्या. "मला ते फार आवडायचे."

"वांगं?" मास्तर चकित झाले. "अगं, आपल्या घरी वांगं तर कधी..."

"तुम्हाला खाज सुटली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. सासूबाई म्हणाल्या, यापुढं घरात आणायचं नाही."

मास्तरांना ती खाज आठवतसुद्धा नव्हती.

काप आले. बशी भरून, कडा काळ्या, वर वाफ. काकूंनी बशी स्वतःकडे ओढली. मास्तरांचं ठरलेलं ताट आलं, त्यांनी ते मुकाट्यानं संपवलं. ताटातला भात संपला, पोळी संपली, वाटीतला रस्सा संपला. घरी असं झालं असतं तर त्यांचा घास गिळून व्हायच्या आत ताटात वाढलं गेलं असतं. मास्तर रिकामं ताट पुढं घेऊन बसून राहिले. काकू खाली मान घालून जेवत होत्या. एक काप झाला की दुसरा उचलत होत्या, मध्येच तळ्याकडे बघत होत्या, पुन्हा जेवत होत्या. मास्तरांच्या ताटात काय संपलंय, हे त्यांनी वर मान करून एकदाही बघितलं नाही.